आधी बरा हो, मग कामाचं बघू – हे सांगणं थांबवा

मानसिक आजारातून किंवा व्यसनातून सावरणाऱ्या माणसाला नोकरीला लावायचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं. डॉक्टर ते म्हणतात, आई-वडील म्हणतात, कंपनीतल्या एचआरच्या मॅडम म्हणतात. पुनर्वसन केंद्रं चालवण्यात ज्यांची हयात गेली, अशी मंडळीसुद्धा म्हणतात. "आधी पूर्ण बरा होऊ दे, मग कामाचं बघू." यात माया आहे, काळजी आहे, अनुभवही आहे. पण हा सल्ला चुकीचा आहे. ज्याच्या भल्यासाठी तो दिला जातो त्याचं त्यानं नुकसान होतं, आणि गेली तीस-पस्तीस वर्षं जमा झालेला पुरावा त्याच्या विरोधात आहे. मालक आणि सुपरवायझर यांच्याशी या माणसांसाठी बोलणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून हा प्रतिवाद मी लिहिते आहे.

पहिला प्रश्न असा की 'पूर्ण बरा' म्हणजे कधी? स्किझोफ्रेनिया बहुतेकदा अठरा ते पंचवीस या वयात डोकं वर काढतो. म्हणजे शिक्षण संपून पहिली नोकरी धरायची, नेमक्या त्याच वेळी. औषधं बसायला वेळ लागतो. आवाज पूर्ण थांबतील असं कुठलाही प्रामाणिक मानसोपचारतज्ज्ञ लिहून देत नाही. बायपोलर आजार पुन्हा उलटू शकतो, दारू सुटलेला माणूस पुन्हा घसरू शकतो. हे सगळं आपल्याला माहीत असतं आणि तरी आपण 'पूर्ण बरं होण्याची' वाट पाहायला सांगतो. ती तारीख उजाडत नाही. वर्ष जातं, तीन वर्षं जातात, मुलगा तिशीला येतो. मग कधीतरी तो मुलाखतीला बसतो आणि समोरचा माणूस बायोडेटावर बोट ठेवून विचारतो, "मधली ही वर्षं काय करत होतात?" ती वर्षं तो आपला सल्ला ऐकत होता. आता तोच रिकामा काळ त्याच्या नालायकीचा पुरावा ठरतो. आजारानं त्याचे सहा महिने गेले असतील, उरलेली वर्षं आपल्या सावधगिरीत गेली.

याला पर्याय आहे, आणि तो कुणाच्या सदिच्छेवर उभा नाही. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात १९९०च्या सुमारास रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी सहाय्यित रोजगाराची एक पद्धत बसवली. तिला आयपीएस (इंडिव्हिज्युअल प्लेसमेंट अँड सपोर्ट) म्हणतात. सुरुवात फार बोलकी आहे. तिथल्या एका दिवस-उपचार केंद्रात रुग्ण रोज यायचे, गटात बसायचे, कामाची 'तयारी' करायचे. ते केंद्र बंद करून त्याच माणसांना सरळ बाहेरच्या नोकऱ्या शोधून द्यायला सुरुवात झाली. नोकरी करणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. पुन्हा इस्पितळात भरती होणं वाढेल अशी भीती होती, ते वाढलं नाही. पद्धतीचे नियम साधे आहेत. ज्याला काम करायचं आहे त्याला लक्षणांच्या नावाखाली नाकारायचं नाही. काम त्याच्या आवडीचं शोधायचं. लांबलचक प्रशिक्षणात न अडकवता महिनाभरात शोध सुरू करायचा. नोकरी खुल्या बाजारातली, इतरांना मिळतो तोच पगार. नोकरी लावणारा माणूस उपचाराच्या चमूतच बसतो, डॉक्टर औषध बदलतात तेव्हा त्याला कळतं. एका कार्यकर्त्याकडे वीसच्या वर माणसं द्यायची नाहीत. आणि नोकरी लागल्यावर आधार काढून घ्यायचा नाही, हवा तितके दिवस तो चालू राहतो.

आपल्याकडच्या रिवाजाच्या हे अगदी उलट आहे. आपण माणसाला केंद्रात घडवायला बघतो आणि घडला की एकट्याला बाहेर सोडतो. अडचण येते ती कामाच्या जागी, आणि मदत बसलेली असते केंद्रात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

आता मुख्य आक्षेप, जो मला जवळजवळ रोज ऐकावा लागतो. "कामाचा ताण सोसणार नाही, आजार उलटेल." ही भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. माझ्यासमोर बसलेल्या आईनं मुलाला एकदा तरी हातपाय धरून रिक्षात घालून इस्पितळात नेलेलं असतं. तो दिवस पुन्हा येऊ नये एवढंच तिला हवं असतं. पण ही भीती तपासून झालेली आहे. लंडन, उल्म, रिमिनी, झुरिक, ग्रोनिंगन आणि सोफिया या सहा युरोपीय शहरांत गंभीर मानसिक आजार असलेल्या ३१२ जणांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. निम्म्यांना त्या त्या शहरातली उत्तम प्रशिक्षण सेवा दिली, म्हणजे आधी तयारी, मग नोकरी. निम्म्यांना थेट नोकरी आणि सोबत आधार. दीड वर्षात थेट नोकरीच्या गटातल्या ५५ टक्के लोकांनी बाहेरचं पगारी काम मिळवलं, प्रशिक्षणाच्या गटातल्या २८ टक्क्यांनी. हे महत्त्वाचं आहेच, पण आईच्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या आकड्यात आहे. पुन्हा इस्पितळात दाखल व्हावं लागलं ते प्रशिक्षण गटातल्या ३१ टक्क्यांना, आणि थेट नोकरीच्या गटातल्या २० टक्क्यांना. ज्यांना जपून ठेवलं तेच जास्त आजारी पडले. सेवा अर्ध्यावर सोडून देणारेही त्याच गटात जास्त, ४५ टक्के विरुद्ध १३ टक्के.

आणि ताणाचा हा मुद्दा आपण मनापासून मानतो असंही मला वाटत नाही, कारण तो आपण बायकांना कधी लावतच नाही. इस्पितळातून घरी आलेल्या सुनेला तिसऱ्या दिवशी ओट्यापाशी उभं करतात. गोळ्यांनी तिचे डोळे मिटत असतात, जीभ जड झालेली असते, हात थरथरत असतात. तरी चहा, डबे, पोळ्या, धुणं, सासऱ्यांचं पथ्याचं जेवण, सगळं तिनं करायचं असतं. "ताण सोसेल का?" असं तिथं कुणी विचारत नाही. उलट पोळ्या गोल झाल्या की घरचे डॉक्टरांना आनंदानं सांगतात, "आता बरी आहे, सगळं करते." घरकाम जमतं हाच तिच्या बरं होण्याचा पुरावा धरला जातो. तीच बाई म्हणाली, मला पूर्वीसारखं शिवणाचं दुकान पुन्हा चालवायचं आहे किंवा बालवाडीत जायचं आहे, की सगळ्यांना अचानक ताणाची आठवण होते. मग ताण कामाचा असतो की पगाराचा? घरातलं बिनपगारी काम औषध आणि बाहेरचं पगारी काम विष, असा भेद कुठल्याही वैद्यकशास्त्रात नाही. पुनर्वसनाच्या चर्चेत 'मुलाच्या नोकरीचं काय' हे मी असंख्य वेळा ऐकते. 'सुनेच्या नोकरीचं काय' हे विचारणारा माणूस विरळाच.

दुसरा आक्षेप संस्थांकडून येतो आणि तो मांडणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. ते म्हणतात, "आमच्याकडे संरक्षित कार्यशाळा आहे. इथं कुणी हिणवत नाही. दिवाळीला पणत्या रंगवतात, कागदी पिशव्या करतात, उटण्याची पाकिटं भरतात. थोडं मानधन मिळतं. बाहेरच्या जगात कशाला ढकलायचं?" काही जणांना खरोखर अशी जागाच हवी असते, आणि ज्याला ती हवी आहे त्याची ती काढून घ्यावी असं मी म्हणणार नाही. माझा विरोध आहे तो ती सगळ्यांसाठी शेवटचं स्टेशन होण्याला. अभियांत्रिकीचं तिसरं वर्ष केलेला मुलगा दहा वर्षं पणत्या रंगवतो आहे आणि आपण त्याला पुनर्वसन म्हणतो. पणत्या विकत घेणारेही त्या वस्तूसाठी घेत नाहीत, पुण्य म्हणून घेतात. ते त्यालाही समजतं, कारण त्याची बुद्धी शाबूत आहे.

कामाच्या नावाखाली काय काय चालत आलं हे विसरून चालणार नाही. मनोरुग्णालयांत हातमाग, सुतारकाम, शिवण, बागकाम जुनंच आहे. रुग्णालयाची झाडलोट आणि स्वयंपाकघरातली मदतही 'उपचार' म्हणून करून घेतली गेली. इटलीत ट्रिएस्टच्या मनोरुग्णालयातही हेच चालायचं. फ्रँको बझालिया तिथं संचालक असताना, १९७२ मध्ये, झाडलोट करणाऱ्या रुग्णांची सहकारी संस्था निघाली आणि त्यांच्या कामाचं रीतसर कंत्राट झालं, रीतसर मजुरी सुरू झाली. पुढे १९७८च्या कायद्यानं इटलीतली मनोरुग्णालयं बंद करण्याचा मार्ग खुला झाला हे अनेकांना ठाऊक असतं. त्याआधी पगार आला होता, ही गोष्ट मात्र मागे पडते. १९९१च्या कायद्यानं इटलीनं सामाजिक सहकारी संस्थांना मान्यता दिली. त्यातल्या एका प्रकारच्या संस्थेत निदान ३० टक्के कामगार मानसिक आजार, अपंगत्व, व्यसन, तुरुंगवास अशा अडचणींतून आलेले असावे लागतात. सहकाराचं नाव घेतल्याशिवाय ज्या महाराष्ट्रात पान हलत नाही, तिथं साखर, सूत, दूध आणि पतपेढ्या सगळं सहकारात आलं. ही माणसं मात्र आली नाहीत. का, याचं उत्तर सहकार चळवळीच्या पुढाऱ्यांनी द्यावं.

आपल्या २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या विसाव्या कलमात स्पष्ट लिहिलं आहे की मानसिक आरोग्य संस्थेत कुणावर काम करण्याची सक्ती करता येणार नाही, आणि काम केलं तर त्याचा योग्य मोबदला द्यावा लागेल. ज्या संस्था महिन्याला चहापाण्याइतकं मानधन देऊन त्याला काम म्हणतात, त्यांनी हे कलम कार्यशाळेच्या भिंतीवर लावावं.

"ठीक आहे, पण प्रत्यक्षात आधार म्हणजे तुम्ही करता तरी काय?" असं मालक विचारतात. रास्त प्रश्न आहे. एक उदाहरण जवळून दाखवते, ओळखीच्या खुणा बदलून. औषधांच्या एका घाऊक वितरकाचं गोदाम. काम असं की दुकानांच्या ऑर्डरी येतात, रॅकवरून स्ट्रिपा काढायच्या, बॅच नंबर आणि एक्स्पायरी बघायची, क्रेट भरायचा, बिलाशी ताडून पाहायचा. आमच्या शुभार्थीचं (आजारातून सावरणाऱ्या माणसाला आम्ही शुभार्थी म्हणतो) वाचन चोख, आकड्यांची नजर तर विलक्षण. पण पहिल्याच आठवड्यात तक्रार आली की हा ऐकत नाही, सांगितलेलं भलतंच आणतो. मी जाऊन दोन तास एका स्टुलावर बसले. काउंटरवरून एक जण ओरडून ऑर्डर सांगत होता, मागून दुसरा त्यात भर घालत होता, दारात टेम्पोवाला घाई करत होता. ज्याच्या कानात आधीच आणखी दोन आवाज आहेत, त्याला या तिघांतून कुणाचं ऐकायचं ते कळणार कसं? तोडगा निघाला तो असा की ऑर्डर चिठ्ठीवर लिहून द्यायची आणि सूचना एकाच माणसानं करायची. त्याची रात्रीची गोळी सकाळी दहापर्यंत अंगावर असायची, तेव्हा नऊऐवजी अकराला यायचं आणि शेवटचे क्रेट रवाना करूनच जायचं. संध्याकाळी इतरांना निघायची घाई असते, हा थांबतो, त्यामुळे मालकाचीही सोय झाली. त्याचं क्लोझापीन हे औषध सुरू केल्यावर पहिले काही महिने दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं, त्यासाठी लॅबचा माणूस सकाळी घरी बोलावला. सुट्टी लागली नाही. सगळ्याचा खर्च म्हणाल तर चिठ्ठ्यांचं पॅड.

हे दिसायला क्षुल्लक आहे. पण त्या पहिल्या आठवड्यात तिथं जाऊन बसणारं कुणी नसतं तर काय झालं असतं? मालकानं त्याला काढलं असतं. घरच्यांनी म्हटलं असतं, बघा, सांगत नव्हतो का. डॉक्टरांनी फाइलमध्ये नोकरी झेपली नाही असं लिहिलं असतं. चूक ओरडून ऑर्डर देण्याच्या पद्धतीची, आणि नोंद झाली असती आजाराच्या नावावर. कित्येकांच्या फाइलींत अशा नोंदी आहेत.

प्रत्येक आजाराची गरज वेगळी असते. बायपोलर असलेल्या माणसाला रात्रपाळी नको, कारण झोप मोडली की आजाराला वाट मिळते. एमआयडीसीत तीन पाळ्या फिरतात. त्याला फक्त पहिल्या पाळीत ठेवा एवढी एक मागणी मान्य झाली तर तो वर्षानुवर्षं मशीनवर उभा राहू शकतो. लिथियम हे औषध घेणाऱ्याला तहान लागते, हात थोडा कापतो. पाण्याची बाटली जवळ ठेवू द्या, सूक्ष्म जुळणीचं काम देऊ नका. याला २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाजवी सोय असं म्हटलं आहे आणि ती नाकारणं हा भेदभाव ठरतो.

"मग आजार लपवून नोकरी लावता, ही मालकाची फसवणूक नाही का?" मधुमेह असलेला उमेदवार मुलाखतीत इन्सुलिनचं इंजेक्शन काढून दाखवत नाही आणि त्याला कुणी लबाड म्हणत नाही. सांगायचं की नाही, किती, कुणाला, हा निर्णय त्या माणसाचा. सांगितलं तर सोय मागता येते, न सांगितलं तर मागता येत नाही, हे आम्ही त्याला समजावतो आणि ठरवणं त्याच्यावर सोडतो. बरेच जण मालकाला सांगतात आणि सहकाऱ्यांना सांगत नाहीत. त्यांच्या या निर्णयाचा मान राखला पाहिजे.

सुरक्षेचा प्रश्न मात्र मी झटकून टाकणार नाही. गुंगी आणणाऱ्या गोळीवर असलेल्या माणसानं क्रेन चालवू नये. पण एका कामाला अपात्र म्हणजे सगळ्याच कामांना अपात्र, ही उडी कुठून येते? डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या एका अधिकाऱ्याचं प्रकरण होतं. त्यांना मानसिक आजार होता आणि त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई सुरू झाली होती. न्यायालयानं ती कारवाई भेदभावाची ठरवली. सध्याच्या कामाला ते योग्य नाहीत असं आढळलं तर दुसरं काम द्या, पगार आणि सेवाशर्ती कायम ठेवा असं सांगितलं. त्या दुसऱ्या कामात हाती शस्त्र न देण्याची मुभाही दलाला ठेवली. सशस्त्र दलातल्या माणसाच्या बाबतीत देशाचं सर्वोच्च न्यायालय एवढा विवेक करू शकतं, तर पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या कारखान्याला काय अडचण आहे?

व्यसनाच्या बाबतीत विरोध जास्त तिखट असतो, कारण तिथं दोष धरला जातो. "आजार देवानं दिला, दारू यानं स्वतः धरली. आधी दोन वर्षं कोरडा राहून दाखव." १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. व्यसन हा आजार आहे हे मराठी समाजानं त्या वाटेनं बऱ्यापैकी ऐकलं. कायद्यानं मात्र अर्धंच ऐकलं आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांशी जोडलेल्या मानसिक अवस्था येतात, म्हणजे उपचाराचा हक्क आहे. दिव्यांग कायद्याच्या व्याख्येत व्यसनाचं नाव नाही, म्हणजे नोकरीतल्या सोयीचा हक्क नाही. उपचार करून बाहेर आलेला वेल्डर फाटकाशी येतो तेव्हा त्याच्या हाती कुठलाच कागद नसतो.

आणि दोन वर्षं कोरडं राहायचं कशाच्या जोरावर? व्यसनातून उठलेल्या माणसाचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे दुपारचे रिकामे तास, हे अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या (एए) कुठल्याही मीटिंगमध्ये अर्धा तास बसलात तरी कळेल. घरात बायको कमावते, पोरगी खाली मान घालून जेवण वाढते, शेजारी विचारतात, "काय, सध्या घरीच का?" अशा माणसाला आपण काम हे कोरडं राहिल्याचं बक्षीस म्हणून दाखवतो. खरं तर कोरडं राहायला त्याला काम लागतं. बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात केनेथ सिल्व्हरमन यांनी हीच गाठ उलटी बांधली. माणसाला पगारी प्रशिक्षण आणि काम द्यायचं, आणि त्या दिवशी आत यायला लघवीची तपासणी स्वच्छ हवी. तपासणी चुकली तर त्या दिवशी काम नाही, पुढच्या वेळी पुन्हा दार उघडं. मला ही पद्धत थोडी कडक वाटते. आपल्याकडे ती मालकाच्या हातात गेली तर छळाचं साधन होईल अशी धास्तीही वाटते. पण तिच्यामागचं तत्त्व मला मान्य आहे. घसरणं धरूनच चालायचं, आणि एका घसरणीनं नोकरी संपत नाही.

आपल्याकडे व्यसनासाठी लागणाऱ्या सोयी आणखी वेगळ्या आहेत. पगाराचा दिवस हा धोक्याचा दिवस. रोख हातात नको, बायकोबरोबरच्या जोडखात्यात जावा. मीटिंगच्या संध्याकाळी ओव्हरटाइम लावू नये. सुटल्यावर टपरीमागे बसणाऱ्या टोळीत त्याला ठेवू नये, पाळी बदलावी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीची पूजा झाल्यावर कारखान्यात जी 'बैठक' भरते, तिथून त्याला लवकर सोडावं, आणि सोडताना चार जणांत टोमणा मारू नये. हे सुपरवायझरच्या हातात असतं आणि सुपरवायझरशी बोलायला कुणीतरी लागतं.

आता बेकारीचा मुद्दा. "धडधाकट पदवीधर डिलिव्हरीची बॅग पाठीवर घेऊन फिरताहेत, यांना कुठून देणार?" सहा शहरांच्या त्या चाचणीतही दिसलं की जिथं बेकारी जास्त तिथं यश कमी. हे मान्य. पण यातून निघतं एवढंच की सगळ्यांसाठी नोकऱ्या वाढल्या पाहिजेत. रांगेत यांनी सगळ्यात शेवटी उभं राहावं, हे त्यातून निघत नाही. आणि गंभीर मानसिक आजार असलेल्या माणसाला घरी बसवणं फुकट पडतं अशा भ्रमात राहू नका. त्याच्यापायी घरातलं आणखी एक माणूस, बहुतेकदा आई, घरीच अडकतं.

"हे पाश्चात्त्य खूळ आहे" असंही म्हटलं जातं. हाँगकाँग आणि जपानमध्ये ही पद्धत चाचणीत उतरली आहे, हे एक उत्तर. दुसरं आपल्या घरातलं. मानसोपचारतज्ज्ञ रिचर्ड वॉर्नर यांनी १९८५च्या त्यांच्या पुस्तकात असं मांडलं की स्किझोफ्रेनियातून सावरणं हे समाजातल्या कामाच्या संधींशी बांधलेलं आहे. शेतीवर जगणाऱ्या समाजात माणूस लवकर कामाला लागतो, म्हणून बराही होतो. त्यावर वाद आहेत. पण आपल्या गावांत 'जरा वेगळा' असलेला काका गुरांमागे जायचा, बांधावर बसायचा, सुगीला सगळ्यांबरोबर कापणीला असायचा, हे आठवणारी पिढी अजून आहे. सातारा, गोवा आणि तमिळनाडूतल्या कांचीपुरम भागात २८२ जणांवर झालेली आणि २०१४ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेली चाचणी इथलीच आहे. साताऱ्यात ती 'परिवर्तन' या संस्थेनं, गोव्यात 'संगात' या संस्थेनं चालवली. मोठ्या पदव्या नसलेले, प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसांच्या घरी जात होते. फक्त दवाखान्यात येणाऱ्यांपेक्षा या लोकांची लक्षणं आणि अक्षमता थोडी जास्त कमी झाली. फरक माफक होता, पण एक गोष्ट स्पष्ट झाली. घरापर्यंत जाऊन आधार देणारी माणसं आपल्या तालुक्यांत तयार होतात. कामाच्या जागेपर्यंत ती का जाऊ नयेत?

शेवटी सरकार. १९९५च्या अपंगत्व कायद्यात मानसिक आजार अपंगत्वाच्या यादीत होता, पण नोकरीतल्या आरक्षणात नव्हता. २०१६ साली तो आला. दिव्यांगांच्या चार टक्के आरक्षणापैकी एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांत मिळून. तोही मिळवायचा तर निदान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र हवं. मानसिक आजारासाठी ते ज्या मोजपट्टीवर देतात, तिच्या चार कसोट्यांपैकी एक आहे काम. इथंच घोडं पेंड खातं. काम करत असाल तर गुण घटतात, टक्केवारी खाली येते. म्हणजे नोकरीचा हक्क सांगायला आधी आपण काम करू शकत नाही हे सिद्ध करायचं. धडपडून कुठेतरी चिकटलेला माणूस कागदावर पुरेसा आजारी उरत नाही. ही मोजपट्टी बदलली पाहिजे.

पण आरक्षणाच्या जागा निघण्याची वाट पाहत बसायला मी सांगणार नाही, कारण बहुतेक काम खासगी दुकानांत, गोदामांत आणि कारखान्यांतच आहे. तिथं आधीच असलेले हक्कही वापरले जात नाहीत. कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआय) विमा असलेल्या कामगाराला मनोविकारासाठी दीर्घ आजारपणाचा लाभ मिळू शकतो, पगाराच्या ८० टक्के दरानं, दोन वर्षांपर्यंत. ज्याला आजारामुळे 'राजीनामा दे' म्हणून सांगितलं जातं, त्याला हे कुणी सांगितलेलं नसतं. दवाखान्यातून त्याच्या एचआरला एक फोन गेला असता तर नोकरी वाचली असती.

तो फोन करणारं पद सरकारकडे नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या चमूत मानसोपचारतज्ज्ञ आहे, मानसशास्त्रज्ञ आहे, सामाजिक कार्यकर्ता आहे, परिचारिका आहे, नोंदी ठेवणारा माणूसही आहे. नोकरी शोधून देणारा आणि ती टिकवणारा माणूस नाही. सामाजिक कार्यकर्त्यावर ते काम ढकलू नका, त्याच्याकडे आधीच शिबिरं, समुपदेशन आणि अहवाल आहेत. प्रत्येक जिल्ह्यात निदान एक स्वतंत्र पद द्या. त्याच्याकडे वीसच माणसं द्या आणि दुचाकीचं पेट्रोल द्या. आठवड्यातले बरेचसे दिवस त्यानं कार्यालयाबाहेर असावं. बाजार समितीत, औद्योगिक वसाहतीत, शाळांच्या स्वयंपाकघरांत, पेट्रोल पंपांवर त्यानं मालकांना भेटावं. नोकरी लागली की पहिल्या आठवड्यात तिथं जाऊन बसावं. महिन्याचा अहवाल मागायचा असेल तर किती शिबिरं झाली हे विचारू नका. किती जण पगारावर आहेत, सहा महिन्यांनी त्यातले किती टिकले आणि त्यांत बायका किती, एवढंच विचारा.